दक्षिण मुंबईचा कौल बदलला की दक्षिण मुंबईच?

निवडणूक आली की वाहिन्यांचे कॅमेरे मरीन ड्राइव्हवर उभे राहतात. 'देशातला सर्वांत श्रीमंत मतदारसंघ' हे वाक्य आलं नाही, असं एकही वर्ष आठवत नाही. मग एखादा उद्योगपती बोटाची शाई दाखवतो, टक्केवारी कमी पडली की वाळकेश्वरच्या उंच इमारतींच्या नावाने खडे फोडले जातात आणि निकालानंतर तज्ज्ञ सांगतात, दक्षिण मुंबईने 'कूस बदलली'. या चित्रात लालबाग नसतं, डोंगरी नसते, कामाठीपुरा, शिवडी आणि वरळी कोळीवाडाही नसतो. आजच्या दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: वरळी, शिवडी, भायखळा, मलबार हिल, मुंबादेवी आणि कुलाबा. यातला कुलाबासुद्धा निव्वळ कफ परेडच्या टॉवरांचा नाही. त्याच टॉवरांच्या पायथ्याशी मच्छिमार नगर, आंबेडकर नगर, गीता नगर आहेत, आणि मतपेटी कुणाचं क्षेत्रफळ मोजत नाही, डोकी मोजते.

या मतदारसंघाचा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास 'मतदारांचं मन बदललं' या सूत्राने वाचू गेलं तर निम्माच कळतो. उरलेला निम्मा नकाशावरच्या रेघांमध्ये आहे. मतदारसंघांच्या पुढच्या पुनर्रचनेत या रेघा पुन्हा हलणार आहेत, त्यामुळे हा केवळ अभ्यासकांचा विषय नाही.

मुंबईतल्या मतदारसंघांची नावं हा मोठा चकवा आहे. 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर 'मुंबई शहर उत्तर' इथून उभे होते. आज उत्तर मुंबई म्हटलं की बोरिवली-दहिसर डोळ्यांसमोर येतं. तेव्हाचं 'उत्तर' मात्र गिरण्यांच्या पट्ट्यातलं होतं, कारण त्या काळी शहर जवळजवळ तिथेच संपायचं. मतदारसंघ द्विसदस्य होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे आंबेडकर अशी जोडी होती. दोघंही हरले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर राखीव जागेवर साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी पुढे गेले. कम्युनिस्टांचे कॉम्रेड डांगेही त्याच रिंगणात होते, आणि दुसरं मत 'कुजवण्याचा', म्हणजे जोडीदाराला न देता वाया घालवण्याचा, प्रचार झाला ही तक्रार पुढे याचिकेपर्यंत गेली. राज्यघटनेच्या शिल्पकाराला मुंबईने पाडलं, असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर एका विशिष्ट आखणीच्या, दोन मतांच्या, अजब रचनेच्या मतदारसंघात ते पडले. द्विसदस्य मतदारसंघांची ही पद्धत 1961 मध्ये कायद्याने संपली.

पाच वर्षांत तीच रचना काँग्रेसवर उलटली. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत 'मुंबई शहर मध्य' या द्विसदस्य मतदारसंघातून डांगे आणि फेडरेशनचे जी. के. माने असे दोघंही निवडून आले. कम्युनिस्ट आणि आंबेडकरी मतदारांनी या वेळी एकमेकांच्या उमेदवाराला मत दिलं. पाच वर्षांपूर्वी जे जमलं नव्हतं ते संयुक्त महाराष्ट्र समितीने जमवलं. त्याच निवडणुकीत दक्षिणेतून मात्र काँग्रेसचे स. का. पाटील दिमाखात परतले. पाटील मूळचे सिंधुदुर्गाकडचे, अस्सल मराठी, पण मुंबई महाराष्ट्राला देण्याला त्यांचा कडाडून विरोध होता. मराठी मुंबई त्यांच्या नावाने बोटं मोडत असताना ते जिंकले, कारण 'दक्षिण'ची रेघ गिरणगावाच्या अलीकडेच थांबत होती. काळबादेवी, भुलेश्वर, फोर्ट, मलबार हिल हा व्यापारी, गुजराती, मारवाडी, पारशी पट्टा त्यांच्या पाठीशी होता. रेघ दोन मैल वर सरकली असती तर 1957 मध्येच काय झालं असतं, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा. माझ्या मते पाटील पडले असते.

ते पडले 1967 मध्ये. या निवडणुकीची गोष्ट मुंबईत अजून सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेही. पाटील म्हणजे तीनदा महापौर, केंद्रात मंत्री, पक्षाचा खजिना सांभाळणारे, मुंबईचे अनभिषिक्त राजे. समोर संयुक्त समाजवादी पक्षाचे छत्तीस वर्षांचे जॉर्ज फर्नांडिस. मंगळूरहून आलेला, चौपाटीवर झोपलेला, टॅक्सीवाले, हॉटेलातली पोरं आणि पालिकेचे कामगार यांच्या युनियन बांधणारा माणूस. मला देवही पाडू शकत नाही, अशा अर्थाचं काहीतरी पाटील बोलून गेले आणि समाजवाद्यांनी ते उचललं, अशी आख्यायिका आहे. देव नसेल पाडू शकत, तुम्ही पाडू शकता, अशी पोस्टरं भिंतीभिंतीवर लागली. आख्यायिकेत मीठमसाला किती हा भाग सोडा. पाटलांच्या सुरक्षित किल्ल्यातही सफाई कामगार होते, टॅक्सी धुणारे होते, हॉटेलच्या माळ्यावर झोपणारे होते आणि त्यांची नावं मतदारयादीत होती, ही गोष्ट फर्नांडिसांनी प्रथम ओळखली. 'श्रीमंतांचा मतदारसंघ' हा समज साठ वर्षांपूर्वीच मोडून पडला होता. तो अजून चालू आहे याचं श्रेय कॅमेऱ्यांना.

त्याच 1967 मध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला माजी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पडले. 1957 आणि 1962 मध्ये ते उत्तर मुंबईतून निवडून आले होते. 1962 ला तर आचार्य कृपलानींसारख्या माणसाला त्यांनी लाखाहून जास्त मतांनी हरवलं होतं. 1967 ला काँग्रेसने तिकीट नाकारलं, ते अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्व्यांचं लगेच निधन झालं, पोटनिवडणूक लागली, तीही मेनन हरले, या वेळी बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे यांच्याकडून. मुंबईने नाकारलेले हे दोन दिग्गज मग कुठून लोकसभेत गेले? मेनन बंगालमधल्या मिदनापूरहून, पाटील गुजरातेतल्या बनासकांठ्याहून. तेव्हाच्या नेत्यांना भूगोलाची अडचण फारशी नसायची.

त्यानंतरचा दक्षिणेचा इतिहास भराभर सांगता येतो. 1971 च्या इंदिरा लाटेत जागा काँग्रेसकडे, 1977 आणि 1980 मध्ये जनता पक्षाचे रतनसिंह राजदा, 1984 पासून काँग्रेसचे मुरली देवरा, मग वीस वर्षं देवरा आणि भाजपच्या जयवंतीबेन मेहता यांचा खो-खो: 1996 ला मेहता, 1998 ला देवरा, 1999 ला मेहता, 2004 ला मुरलींचे चिरंजीव मिलिंद देवरा, तेही दहा हजारांच्या आसपास मतांनी. या काळात मतदारसंघ छोटा होता आणि आणखी आकसत होता. गिरगावातली, भुलेश्वरातली माणसं उपनगरात जात होती, जागा गोदामांना आणि कार्यालयांना मिळत होत्या. ठाण्याचा मतदारसंघ देशातल्या सर्वांत फुगलेल्या मतदारसंघांत गणला जात असताना दक्षिण मुंबईत त्याच्या कितीतरी पट कमी मतदार होते. खासदार दोघांचाही एकच. ठाण्यातल्या मताची किंमत त्या हिशेबाने चिल्लर होती.

शेजारच्या दक्षिण-मध्य मुंबईत, म्हणजे खऱ्या गिरणगावात, निराळंच नाटक चाललं होतं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप चिरडला गेला होता, पण 1984 मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना इथल्या मतदारांनी अपक्ष डॉ. दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवलं. हरलेल्या संपाचा नेता जिंकला. 1989 ला शिवसेनेचे वामनराव महाडिक आले आणि 1991 पासून 2009 पर्यंत सलग पाच वेळा मोहन रावले.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. 'आपल्या माणसांचा' सलग, एकजिनसी मतदारसंघ असावा, म्हणजे आपला आवाज दिल्लीत पोचेल, असं मानणारे आजही खूप आहेत. मराठी मतांचा टापू राखा असं शिवसैनिक म्हणतो, आणि कुलाब्यातला रहिवासी संघही वेगळ्या भाषेत तेच म्हणतो: आमचे प्रश्न निराळे, आम्हाला आमचा खासदार हवा. दक्षिण-मध्य मुंबई हा त्या स्वप्नाचा प्रत्यक्षात उतरलेला नमुना होता. चाळ, शाखा, गणपती मंडळ, व्यायामशाळा, सगळं एका रेघेच्या आत. वीस वर्षं एकाच पक्षाचा खासदार, शेवटी-शेवटी केंद्रात त्याच पक्षाचे मंत्री. आणि याच वीस वर्षांत गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं? 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत जमिनीचा मोठा वाटा पालिका आणि म्हाडाला द्यायची तरतूद होती. 2001 मध्ये नियम बदलून तो वाटा फक्त मोकळ्या जागेपुरता केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2006 मध्ये निकाल मालकांच्या बाजूने लागला. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आला, बाकी ठिकाणी टॉवर. कामगारांच्या घरांच्या सोडती निघाल्या, पण पुष्कळांना घर मिळालं ते पनवेलकडे. बदल राज्याच्या नियमांनी झाला, खासदाराच्या हातात काय होतं, असं कुणी म्हणेल. ते खरंही आहे. पण मग एकजिनसी मतदारसंघाने नेमकं काय राखलं? जागा पक्की असली की पक्षाला तिथे काही करून दाखवावं लागत नाही. विरोधकाला कष्ट घ्यावेसे वाटत नाहीत, कारण जिंकण्याची आशा नसते. 1998 ला रावले अगदी निसटते वाचले तेवढाच काय तो धक्का.

2008 मध्ये न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाची पुनर्रचना लागू झाली आणि नकाशा हलला. बेट-शहरात, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्यात, विधानसभेच्या 17 जागा होत्या त्या 10 झाल्या. उपनगरातही 17 होत्या, त्या 26 झाल्या. बातमी म्हणून तेव्हा तिची फारशी चर्चा झाली नाही, पण मुंबईच्या राजकारणातली स्वातंत्र्यानंतरच्या सर्वांत मोठ्या घडामोडींपैकी ही एक होती. कुठल्याही लाटेशिवाय बेटाचं वजन जवळजवळ निम्म्यावर आलं. गिरणगावाचा मतदारसंघ मोडून त्याचा बराचसा भाग दक्षिण मुंबईत आला. दादर-धारावीचा जुना 'उत्तर-मध्य' आता 'दक्षिण-मध्य' म्हणवू लागला, आणि 'उत्तर-मध्य' हे नाव वांद्रे-कुर्ल्याकडे गेलं. म्हणून एकनाथ गायकवाड 2004 ला 'उत्तर-मध्य'चे खासदार दिसतात आणि 2009 ला 'दक्षिण-मध्य'चे. ते कुठे गेले नव्हते, पाटी बदलली होती. हे ध्यानात न घेता तक्ते मांडणारे लेख दर निवडणुकीला छापून येतात.

2009 ची निवडणूक ही या नव्या मिश्र मतदारसंघाची पहिली परीक्षा. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्याला पाच महिने झाले होते, गेटवेवर मेणबत्त्या लागल्या होत्या, सुशिक्षितांनी राजकारणात उतरावं म्हणून बँकेतल्या मोठ्या पदावरच्या मीरा सन्याल अपक्ष उभ्या राहिल्या होत्या. इंग्रजी वर्तमानपत्रांना क्रांतीचा वास येत होता. मतदान झालं 40 टक्क्यांच्या आसपास, सन्याल यांची अनामत गेली, मिलिंद देवरा निवडून आले. पण आकडे बघण्यासारखे आहेत. मनसेचे बाळा नांदगावकर दुसरे, शिवसेनेचे मोहन रावले तिसरे, आणि दोघांची बेरीज देवरांपेक्षा जास्त. त्या दिवशीच 2014 चा निकाल लिहिला गेला होता. पाच वर्षांनी मोदी लाट आली आणि शिवसेनेचे अरविंद सावंत सव्वा लाखाहून जास्त मतांनी जिंकले, तेव्हा दक्षिण मुंबई 'भगवी झाली' म्हणून मथळे आले. लाट होतीच, नाही कोण म्हणतो. पण लाटेखालची जमीन 2008 मध्येच बदलली होती. जुन्या हद्दीत मिलिंद देवरा तग धरू शकले असते, निदान 2019 ला नक्कीच लढत चुरशीची झाली असती. 2019 ला ते पुन्हा लाखभर मतांनी हरले.

2024 ने मात्र सगळ्यांचाच हिशेब चुकवला. शिवसेना फुटली होती, देवरा शिंदे गटात जाऊन राज्यसभेवर पोचले होते. ठाकरे गटाकडून सावंत, शिंदे गटाकडून भायखळ्याच्या आमदार यामिनी जाधव. सावंत 52,673 मतांनी जिंकले. यामिनी जाधव मलबार हिल आणि कुलाब्यात पुढे होत्या, पण आपल्याच भायखळ्यात त्या मोठ्या फरकाने मागे पडल्या. सावंतांना खरी भरघोस आघाडी दिली ती भायखळा आणि मुंबादेवीने, म्हणजे मुस्लिम वस्तीने. शिवडीने साथ दिली, वरळीने जेमतेम, सात हजारांच्याही आत. 1992-93 च्या दंगलींत ज्या गल्ल्यांनी शिवसेनेला सर्वांत जास्त भ्यायलं, त्याच गल्ल्यांनी तीस वर्षांनी ठाकरे गटाच्या मशालीवर शिक्का मारला. हा हृदयपालट होता की भाजपविरोध, यावर वाद घाला. मला त्यात दुसरंच दिसतं. जुन्या आखणीत लालबागचा शिवसैनिक आणि मोहम्मद अली रोडचा दुकानदार एकाच उमेदवारासाठी एकमेकांच्या मोहल्ल्यात जाण्याचा प्रसंग क्वचितच आला असता. नव्या आखणीने तो आणला. सावंतांना मोहल्ल्यात सभा घ्याव्याच लागल्या, आणि पुढच्या वेळी ज्याला जिंकायचं आहे त्यालाही घ्याव्या लागतील. मलबार हिलच्या बळावर इथे कुणी जिंकत नाही, नुसत्या लालबागच्या बळावरही नाही.

याच्यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळ्यांचा खासदार कुणाचाच नसतो. कामाठीपुऱ्यातल्या मोडक्या जिन्याचा आणि कोस्टल रोडच्या कठड्याचा प्रश्न एकाच माणसाच्या टेबलावर आला की कुठली फाइल वर राहील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मान्य. पण मिश्र मतदारसंघात जिना निदान टेबलावर येतो, कारण त्या जिन्यावरून उतरणारी मतं निर्णायक असतात. कठड्याला आवाज मिळवून द्यायला कुठल्याच रेघेची गरज पडत नाही, त्याचा आवाज आधीच मोठा आहे.

टक्केवारीबद्दलही बोलायला हवं. 2024 ला इथे जेमतेम 50 टक्के मतदान झालं आणि नेहमीप्रमाणे श्रीमंतांच्या आळसावर अग्रलेख आले. आळस आहेच, 30 एप्रिलला मतदान आणि 1 मेची सुट्टी जोडून आली की गाड्या लोणावळ्याकडे वळतात हे 2009 ला दिसलंच. पण काळाचौकीत मतदानाच्या दिवशी पक्षांच्या टेबलांपाशी अर्धा तास उभं राहिलं की दुसरी गोष्ट कळते. टेबलावर यादीचे भाग पसरलेले, कार्यकर्ता फुटपट्टी सरकवत नाव शोधतोय, आणि समोरचा माणूस सांगतोय की बिल्डिंग पाडून सहा वर्षं झाली, आम्ही आता संक्रमण शिबिरात. कुणी नालासोपाऱ्याहून सकाळची गाडी पकडून आलेला असतो, कारण नाव अजून इथेच आहे आणि ते इथेच असावं असं त्याला वाटतं. पागडीची खोली गेली, रेशनकार्ड गेलं, हे एक उरलं. असे किती येतात आणि किती येत नाहीत? जे येत नाहीत ते सगळे टक्केवारीत 'उदासीन मतदार' म्हणून मोजले जातात. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या या पट्ट्यात यादी म्हणजे निम्मी हजेरी आणि निम्मी आठवण आहे. ती साफ केल्याशिवाय टक्केवारीवरून कुणाची शिकवणी घेण्यात अर्थ नाही. आणि साफ करताना शिबिरातल्या माणसाला 'स्थलांतरित' ठरवून उडवलं, तर तो पुनर्विकासाने घर गमावलेल्याचा दुसरा बळी.

आता पुढचं. लोकसभेच्या जागांची संख्या 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे, त्यानंतर रेघा पुन्हा आखल्या जातील. 2001 मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाखांच्या वर होती, 2011 मध्ये ती 31 लाखांच्या खाली आली, उपनगर मात्र 86 लाखांवरून 93 लाखांपुढे गेलं. नुसत्या 2011 च्या आकड्यांवर मुंबईतल्या विधानसभेच्या आजच्या 36 जागा वाटल्या तरी बेटाच्या वाट्याला दहाऐवजी नऊच येतात. म्हणजे या दहा तुकड्यांपैकी एखादा मोडणार, आणि कुठला मोडायचा यावर पडद्याआड खल होणार. शिवडीचा एक लचका वडाळ्याला, मुंबादेवीचा एक कुलाब्याला, भायखळ्याचा एक आणखी कुणाला. असा प्रत्येक लचका कुणाच्या तरी पाच-दहा हजार मतांच्या सोयीचा असतो.

2002 च्या कायद्यानुसार आयोगाला आराखडा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, जाहीर सुनावणी घ्यावी लागते. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, त्यांना मताचा अधिकार नसला तरी कानाशी बोलायला खुर्ची असते. अंतिम आदेश निघाला की राज्यघटनेच्या कलम 329 मुळे न्यायालयाचं दार जवळपास बंद. तेव्हा जे बोलायचं ते हरकतींच्या त्या काही आठवड्यांत. आजवर अशा सुनावण्यांना पक्षांची माणसं फायली घेऊन जातात आणि रहिवासी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतात.

मी हरकत लिहिली तर ती साधी असेल. पूर्व मुक्त मार्ग किंवा रेल्वेचे रूळ ही नैसर्गिक हद्द मानून गाळीव, एकरंगी तुकडे पाडू नका. मोहम्मद अली रोड आणि लालबाग एकाच खासदाराकडे ठेवा, मलबार हिलही त्यांच्यातच राहू द्या. आणि कच्च्या आराखड्यासोबत प्रत्येक यादी भागाचा नकाशा मराठीत, वॉर्ड कार्यालयाच्या फळ्यावर, हरकतींची मुदत सुरू होण्याच्या आधी लावा.